पाणी छातीपर्यंत

"पहिले पान उलट, मंग तोंड उघड."

आमच्या वनस्पतिशास्त्र विभागात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला हे वाक्य कधी ना कधी ऐकावं लागे. पोरापोरींना तर रोजच, पण एकदा तपासणीला आलेल्या समितीच्या अध्यक्षांनाही ते ऐकावं लागलं. झाडाचं नाव सांगायला उतावीळ झालेला माणूस पानाची वरची हिरवीगार बाजू बघतो आणि बोलून मोकळा होतो. मावशी त्याच्या हातातलं पान दोन बोटांत धरून उलटं करायच्या. अर्जुनाच्या पानाच्या मुळाशी, खालच्या अंगाला, दोन बारीक गाठी असतात. वाळुंजाचं पान वरून हिरवं असतं आणि खालून पांढुरकं. अध्यक्षांनी अर्जुनाला भलतंच काही म्हटलं होतं. मावशींनी पान उलटलं, गाठी दाखवल्या आणि वर त्यांना थंड पाण्याचा पेला आणून दिला. त्या वर्षी आमच्या विभागाला खालचा दर्जा मिळाला, यात नवल नाही.

मावशी आमच्या हर्बेरियमच्या परिचर होत्या. हर्बेरियम म्हणजे वाळवलेल्या झाडांचं कपाटघर. फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवायची, जाड कागदावर, म्हणजे शीटवर, चिकटवायची आणि कोपऱ्यात लेबल लावायचं. त्यावर झाडाचं नाव, कुठे मिळालं ते ठिकाण, तारीख आणि जमा करणाऱ्याचं नाव. या कपाटघराचा एक नियम आहे आणि जगात सगळीकडे तो पाळतात. लेबल चुकलं तर खोडायचं नाही, फाडायचं नाही. शेजारी दुसरी चिठ्ठी लावायची. जुनी चूक आणि चूक करणाऱ्याची सही जन्मभर तिथेच राहते. मावशींना हा नियम अतोनात आवडायचा. त्यांच्या स्वभावासाठीच तो केला असावा.

कारण मावशी डूख धरायच्या. साधा नाही, सापासारखा. कार्यालयातल्या एका बाबूने त्यांचा रजेचा अर्ज तीनदा परत केला होता. पुढच्या आठवड्यात बाबू खुर्चीवर बसायचा, ताडकन उठायचा, पुन्हा बसायचा, पुन्हा उठायचा. शेवटी तो घरी निघून गेला. मी कपाट उघडून बघितलं, तर खाजकुयरीच्या शीटवरच्या शेंगेची सगळी लव गायब होती.

"मावशी, ही शेंग बोडकी कशी झाली?"

"जुनी झाली वं. म्हातारपणी केस जातातच."

मी हसले आणि कपाट लावून घेतलं. मी स्वतः डूख धरणारी बाई आहे. त्यामुळे आमचं जमलं.

त्या सक्करदऱ्याहून दोन बस बदलून यायच्या, साडेनवाला कुलूप उघडायच्या, हात साबणाने धुवायच्या, मग पहिलं कपाट. जुन्या शीटना किडीसाठी विषारी औषध लावलेलं असे, म्हणून जाताना पुन्हा हात धुवायच्या. चहा त्या खोलीत कधी प्यायल्या नाहीत. नोकरी त्यांना अनुकंपेवर मिळाली होती. त्यांचे यजमान याच विभागात परिचर होते आणि रानात जाऊन झाडं आणायचं काम त्यांच्याकडे होतं. काविळीने ते गेले. मावशी दहावी शिकलेल्या. यजमानांच्या जागी आल्या तेव्हा त्यांना निवर आणि वाळुंज यांतला फरक कळत नव्हता. दहा वर्षांनी तो फरक मला कळत नसे तेव्हा मी त्यांच्याकडे जाऊ लागले.

आता सरांबद्दल सांगायला हवं. सर म्हणजे आमचे जुने विभागप्रमुख, माझेही मार्गदर्शक. त्यांच्या प्रबंधाचा विषय होता हिंगण्याच्या पलीकडची झिऱ्याची राई. तिथे जमिनीतून बारमाही पाणी झिरपतं आणि त्या पाण्यात पाय रोवून झाडं उभी आहेत: निवर, वाळुंज, अर्जुन, कळंब, उंबर, जांभूळ. खाली नेचे, लव्हाळा आणि देवधान नावाचा रानटी तांदूळ. नागपूरच्या उन्हाळ्यात अशी ओली सावली दुसरीकडे सापडायची नाही. त्या राईची एकेचाळीस शीटं आमच्या तिसऱ्या कपाटात होती. प्रत्येकावर जमा करणारा म्हणून सरांचं नाव आणि निळ्या शाईतली त्यांची ऐटदार सही.

यजमान गेल्यावर नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मावशींना तिसरं कपाट पुसायला सांगितलं गेलं. त्यांनी एकेचाळीस लेबलं वाचली. ज्या दिवसांच्या तारखा होत्या त्या दिवसांचे यजमानांचे चिखलाने भरलेले कपडे त्यांनी स्वतः धुतले होते. कोणाला काही बोलल्या नाहीत.

हे मला कळलं पंधरा वर्षांनी, तेसुद्धा कपाट हलवताना मागे शर्टाचं एक खोकं सापडलं म्हणून. आत एकेचाळीस चिठ्ठ्या होत्या. मावशींच्या सुवाच्य, गोल अक्षरात लिहिलेल्या. झाडाचं नाव, तारीख, आणि जमा करणारा म्हणून त्यांच्या यजमानांचं नाव. खाली यजमानांची रानातली वही, पेन्सिलीने लिहिलेली. मी उभ्याउभ्या पानं चाळली. "निवर. फूल आहे. पाणी छातीपर्यंत. सर कडेला." पुढचं पान: "वाळुंज, दोन फांद्या. जळवा. सर कडेला स्कूटरवर." असं पानोपानी. त्या वहीत सर एकदाही कडेवरून खाली उतरलेले नाहीत.

मावशी दारात उभ्या होत्या.

"वाचलं का?"

"मावशी, तुम्ही इतकी वर्षं बोलल्या का नाहीत?"

"कोणाले बोलू? सरालेच?"

मला सरांचा राग आला. तो आजही आहे, आणि या लिखाणात तो दिसत असेल तर दिसू दे. माझ्या स्वतःच्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर मी त्यांना ऋषितुल्य म्हटलं आहे. ते पान आता फाडता येत नाही. त्या वेळी हर्बेरियमची प्रभारी मी होते. चिठ्ठी लावायचा अधिकार माझा होता आणि पुरावा समोर होता. मी म्हटलं, सोमवारी लावू. मावशींनी शनिवारीच डिंक भिजत घातला.

रविवारी पेपरात जाहीर सूचना आली. झिऱ्याची राई बुजवून तिथे घरांच्या प्लॉटांचा मोठा लेआऊट पडणार होता, आणि त्यासाठी जनसुनावणी होती. सोबत तज्ज्ञांचा अहवाल होता: जागेवर साचलेलं सांडपाणी आणि बेशरमाची झुडपं आहेत, जतन करण्यासारखा स्थानिक वनस्पतिसमूह नाही. तज्ज्ञ म्हणजे आमचे सर. निवृत्तीनंतर रामदासपेठेत त्यांनी सल्लागाराची पाटी लावली होती.

बेशरम तुम्हाला माहीत आहे. नाल्यानाल्यात माजलेली, गुलाबी फुलांची, कापली तरी उगवणारी. राईच्या भोवती तिचं पुरुषभर उंचीचं कडं आहे. रस्त्यावरून बघितलं तर तेवढंच दिसतं. मी अहवाल दोनदा वाचला आणि मग माझ्या लक्षात आलं की सरांनी त्यात खोटं लिहिलेलंच नव्हतं. त्यांना कडेवरून जे दिसलं ते त्यांनी लिहिलं होतं. आत ते कधी गेलेच नव्हते, ना तरुणपणी ना आता.

सोमवारी मी डिंकाची वाटी पुढे ओढली. मावशींनी माझं मनगट धरलं.

"थांब. लावू नको."

"काय झालं?"

"लावली चिठ्ठी, तं सर उद्या म्हणन, मी कुठी आणलं? नोकरानं आणलं. कुठून आणलं त्याचं त्याले माहीत. आणि तो तं मेला. मंग झाडायचा पत्ता कोण सांगन?" त्यांनी खोकं उचलून पुन्हा कपाटामागे ठेवलं. "सरायचीच सही राहू दे. त्याच सहीनं त्याले बांधते."

शीटं विभागाबाहेर न्यायची तर नोंदवहीत प्रभारीची सही लागते. सही करण्याआधी मी पेन दोनदा उघडून बंद केलं, हे कबूल करते. सरांनी शब्द टाकला म्हणून माझ्या बढतीची फाइल दोनदा पुढे सरकली होती. सही झाल्यावर मावशींनी वही बंद केली आणि म्हणाल्या, "आता तूही पाण्यात उतरली."

सुनावणी गावच्या शाळेच्या पटांगणात मंडपाखाली झाली. टेबलामागे अधिकारी, बाजूला कंपनीचा माणूस आणि त्याच्या शेजारी सर. पांढरं जाकीट, खिशाला पेन. समोर गावकरी, दोन वार्ताहर. मावशी निळी साडी नेसून, मांडीवर पिशवी घेऊन पहिल्या रांगेत बसल्या होत्या. पिशवीत पाच शीटं होती आणि खोक्यातून काढलेली यजमानांची वही. मला वाटलं, वही काढतील आणि सरांना तिथेच उघडं पाडतील. मी त्याची वाटच बघत होते.

त्यांचं नाव पुकारलं तेव्हा त्या उठल्या आणि पहिल्यांदा सरांकडे वळल्या.

"जयभीम सर. ओळखलं ना?"

सरांनी मान हलवली.

"साहेब," त्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, "हे गाववाले म्हणून राहिले का सर राईच्या आत कधी गेलेच नाही. मले लई राग आला. मी सरायचे शीट इतके वर्षं सांभाळून राहिली." त्यांनी शीटं एकामागून एक टेबलावर मांडली. "हे पाहा. निवर, वाळुंज, कळंब. ठिकाण झिऱ्याची राई. ही सरायची सही. सर, तुम्हीच सांगा ना यायले. तुम्ही आत गेले होते का नाई?"

कंपनीचा माणूस सरांच्या कानाला लागला. सर त्या क्षणी इतकंच म्हणाले असते की बुवा, मी नाही, माझ्या परिचराने आणली, तर अहवाल तरला असता. आणि मावशींच्या यजमानांचं नाव सरांच्या स्वतःच्या तोंडून चारचौघांत बाहेर पडलं असतं. दोन्हीकडून मावशींचंच काही ना काही साधणार होतं. पण त्या सरांना माझ्यापेक्षा चांगलं ओळखत होत्या. सर वार्ताहरांकडे बघून उभे राहिले.

"मी स्वतः," ते म्हणाले, "कंबरभर पाण्यात उभा राहून यातलं एकेक झाड गोळा केलेलं आहे. माझा प्रबंध त्यावर उभा आहे."

गावकऱ्यांनी टाळ्या वाजवल्या. सरांनी हात जोडले.

"म्हणजे राईत ही झाडं होती," अधिकारी म्हणाले.

"अर्थात होती."

"आता नाहीत?"

"आता... आता परिस्थिती बदलली आहे."

"या वेळी आत जाऊन बघितलंत?"

सरांनी पेन खिशातून काढलं, पुन्हा खिशात ठेवलं. कंपनीचा माणूस जमिनीकडे बघत होता. मघाशी ऐटीत हात जोडणारे सर मला पहिल्यांदाच म्हातारे दिसले, आणि खरं सांगते, मला फार बरं वाटलं.

पाऊस लागल्यावर कॉलेजने राईच्या आत जाऊन नवी पाहणी करावी, तोवर एक टोपलं माती पडता कामा नये, असं ठरलं. उठता उठता अधिकाऱ्यांनी मावशींना विचारलं, "आणखी काही सांगायचं आहे?"

त्यांचा हात पिशवीवर होता. आत वही होती.

"नाई साहेब."

परत येताना माझ्या स्कूटीवर मागे बसल्या. हिंगण्याच्या कारखान्यांची पाळी सुटली होती, रस्ता मोटारसायकलींनी भरलेला.

"मावशी, वही काढायला हवी होती. सरांच्या तोंडून आता सरकारी कागदावर गेलं की सगळं त्यांनीच आणलं."

"गेलं."

"मग तुमच्या यजमानांचं नाव?"

"नुसतं नाव घेऊन काय चाटू का? राई बुजली असती, तं कुठचं नाव आणि कुठचं काय." थोड्या वेळाने मागून आवाज आला. "पण मी सराले सोडलं असं समजू नको हो."

समजण्याचा प्रश्नच नव्हता. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, फोटोसकट: राईसाठी उभे राहिलेले ज्येष्ठ वनस्पतितज्ज्ञ. आपल्याच अहवालावर पाणी फिरवणाऱ्या माणसाला पेपरवाल्यांनी निसर्गप्रेमी करून टाकलं. पुढच्या महिन्यात एका संस्थेने त्यांचा सत्कार केला, शाल-श्रीफळ वगैरे. मावशींनी ते पान नीट घडी करून विभागात आणलं. झाडं दाबायला आम्हाला जुने पेपर लागतातच. त्यांनी नाल्यावरून ओली बेशरम तोडून आणली, सरांच्या फोटोवर पसरली, वर दुसरा कागद ठेवला आणि लाकडी दाबाच्या पट्ट्या दोन्ही हातांनी करकचून आवळल्या. आठ दिवस रोज येऊन आणखी आवळत होत्या. ते शीट आमच्याकडे आहे. झकास वाळलंय.

जुलैत आम्ही पाहणीला गेलो. मी, माझ्या सहा विद्यार्थिनी आणि मावशी. हो, मावशींनी ती राई तोवर कधी बघितली नव्हती. यजमान कधी नेत नसत, चिखल आहे, जळवा आहेत म्हणत. एकेचाळीस झाडं त्यांना पानाच्या शिरेपर्यंत पाठ होती, पण सगळी वाळलेली, कागदावरची.

बेशरमाचं कडं कोयत्याने तोडून वाट केली. आत गेल्यावर ऊन एकदम संपलं. पाणी काळसर, थंड. अर्जुनाची पांढरी खोडं पाण्यातून सरळ वर गेलेली. आणि पुढे निवराची झाडं, त्यांच्या हातहातभर लांब लाल माळा पाण्यावर लोंबत होत्या. निवराची फुलं रात्री उमलतात आणि सकाळी गळतात. आम्ही पोचलो तेव्हा नुकती गळून गेली होती. पाणीच दिसत नव्हतं, नुसता लाल थर.

मावशी थांबल्या. "हे निवर हाये?"

"हो."

"असं लाल?"

लेबलवर 'फुले लाल' असं लिहिलेलं त्यांनी इतकी वर्षं वाचलं होतं. शीटवर मात्र ती चहाच्या चोथ्यासारखी दिसतात. "मले वाटे, सर तेही खोटंच लिहून राहिले," त्या म्हणाल्या. सरांची एक तरी गोष्ट खरी निघाली याचं त्यांना मनापासून वाईट वाटलं. मग एकदम चिडून म्हणाल्या, "पण यानं मले एकदा सांगावं ना, का असं असते म्हणून! घरी येऊन नुसता चिखल दाखवे. चिखल धू, चिखल धू." डोळे पुसले नाहीत, कारण दोन्ही हातांत साडीचा घोळ धरला होता.

मी नको नको म्हणत असताना त्या पाण्यात उतरल्या. काठावर पाणी कंबरेला लागलं. आणखी चार पावलं, पोटापर्यंत. निवराच्या बुंध्याशी पोचल्या तेव्हा पाणी छातीला भिडलं होतं. मावशी उंच होत्या, यजमानांच्या बरोबरीच्या. तिथे उभ्या राहून त्यांनी वरचं एक पान खाली ओढलं, उलटलं, बघितलं आणि सोडून दिलं. मग काठावरच्या मला ओरडून म्हणाल्या, "मॅडम! कंबरभर म्हणे! लिहून घ्या तुमच्या कागदात, छातीभर हाये!"

मी लिहून घेतलं. एकेचाळीस नाही, सेहेचाळीस जाती मिळाल्या. नव्या शीटांवर जमा करणारे म्हणून आम्हा सगळ्यांची नावं आहेत, पहिलं मावशींचं. त्या पाहणीवर राई राखीव झाली, अपिलाची मुदतही टळली. जुन्या शीटांवर आता काही अवलंबून राहिलं नाही.

पण मावशी तोवर निवृत्त झाल्या आणि पाठोपाठ आजारी पडल्या. मी सक्करदऱ्याला भेटायला गेले तेव्हा खाटेवर उशीला टेकून बसल्या होत्या, अर्ध्या झालेल्या. हात तेवढे तसेच, साबणाने पांढरे पडलेले. मी डब्यातून शिरा नेला होता. त्यांनी एक घास खाल्ला आणि मुद्द्यावर आल्या.

"खोकं कपाटामागंच हाये ना?"

"आहे."

"आता लावता येते?"

"येते. तुम्ही बऱ्या व्हा, मिळून लावू."

"मी काई बरी होत नाई. तू लाव. पण सर जिता हाये तोवर लाव वं. मेल्यावर लावशीन, तं त्याले समजन कसं?" हे बोलताना त्यांचा चेहरा किती उजळला होता, ते इथे लिहून सांगता येणार नाही.

त्या पुढच्या मंगळवारी गेल्या.

नवव्या दिवशी मी डिंक भिजवला. विभागात सुट्टी होती, कोणी नव्हतं. तिसरं कपाट उघडून एकेक शीट काढलं आणि सरांच्या निळ्या सहीच्या शेजारी मावशींच्या गोल अक्षरातली चिठ्ठी लावली. जुनं लेबल कुठेही झाकलं नाही, नियमाप्रमाणे. सही आणि चिठ्ठी, दोन्ही स्वच्छ दिसतील असा प्रत्येक शीटचा मोबाइलवर फोटो काढला. वहीच्या पानांचेही काढले, "सर कडेला" वाचता येईल असे. आणि एकेक करून सरांना पाठवले. अकराला सुरू केलं, शेवटचा फोटो गेला तेव्हा दोन वाजले होते.

दोन निळ्या खुणा लगेच आल्या. सर टाइप करत असल्याचं दिसलं, मग थांबलं, पुन्हा दिसलं, पुन्हा थांबलं. असं बराच वेळ चाललं. मी शिळी झालेली पोळी खात बघत बसले.

शेवटी आलं, "हे कोणी लावलं?"

मी लिहिलं, "मावशींनी."

पुन्हा बराच वेळ गेला.

"त्या वारल्या असं ऐकलं होतं."

त्याला मी उत्तर दिलं नाही. अजून दिलेलं नाही.